नंदादीपात पाणी

चौथीपर्यंतच शिकले. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडेवाकडे आहे. वाचणाऱ्याने माफ करावे.

गंगेकाठी ब्रह्मा घाटाच्या आमच्या गल्लीतले एक शेजारी पूर्वी ब्रह्मदेशात तेलाच्या विहिरींवर कामाला होते. चहाचा रिकामा पेलाही उलटा करून झटकतात. बोलणे एकच, "जुनी विहीर आटली म्हणू नये. शेजारून जमिनीत पाणी दाबायचं, उरलेलं तेल वर येतं." सगळे कंटाळतात. समुद्र ओलांडला म्हणून सासूबाई त्यांना देवघरात येऊ देत नाहीत.

आमच्या यजमानांचा ताप उतरावा म्हणून सासूबाईंनी अखंड दिवा लावला होता. काल दिव्याच्या काचेच्या पेल्यातले तेल वातीखाली गेले. मामंजी तेल आणायला गेलेले. ज्योत निळी पडली, सासूबाई रडू लागल्या.

तब्येत विचारायला आलेले ते शेजारी देवघराच्या उंबऱ्याबाहेरून ओरडले, "वहिनी, पाणी घाला! कडेनं, हळू!"

"दिव्यात पाणी? पागल झालात का?" सासूबाई किंचाळल्या.

मी त्या शेजाऱ्यांशी कधी बोललेलीसुद्धा नाही. तरी माझ्याच हाताने गंगाजळ ओतले गेले. तेल पाण्यावर चढले, वातीला लागले, ज्योत उभी राहिली.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "बाहेर काय उभे? आत या."

ते वाकले, उंबऱ्याला लावलेला हात कपाळी नेला आणि उंबरा ओलांडून आत आले.