यजमानांची पाटी कोरीच

कासू स्टेशनवर गाडी दिसायला लागली तरी आईचं एकच चाललं होतं, "यजमानांचं ऐकून ऱ्हा, बाला. उलट बोलू नुको." तिचा जन्म मिठागरावर गेला. जो काम देतो तो यजमान, हा तिचा साधा हिशोब. धाकटी बहीण शैला माझी पिशवी धरून हसत म्हणाली, "त्याचा यजमान अरब हाय गो आई. उलट बोललेलं त्याला कलनार पन नाय."

आठवीत शाळा सोडलेला मी. रोह्याच्या हनीफचाचांनी शब्द टाकला म्हणून आखातातल्या या लाँड्रीत लागलो. त्यांचे उपकार विसरणार नाही. गावी भरतीच्या पाण्याकडे बघून दिवस कळायचा, इथे ड्युटीच्या भोंग्यावर कळतो. काम सुटेल ही धास्ती मात्र इतक्या वर्षांत सुटलेली नाही. इथे आलेल्या तुम्हा सगळ्यांना ती ठाऊक आहे. गावी राहिलेल्यांना ती सांगून पटत नाही.

तर आमच्या शहरात आशियातल्या देशांचे खेळ भरले, आणि इथल्या देशाच्या संघाचे कपडे धुवायचं काम आमच्या लाँड्रीकडे आलं. केवढं स्टेडियम, बाहेरून आणलेले कोच, रस्त्यारस्त्यावर झेंडे. आणि संघ? आज एका खेळात बाहेर, उद्या दुसऱ्यात. हरले की मॅनेजर सुपरवायझरवर ओरडायचा, सुपरवायझर आमच्यावर. "क्रीज बराबर नहीं है!" जशी काही पँटची इस्त्री नीट बसली असती तर गोल झाला असता. मी मान खाली घालून पुन्हा इस्त्री फिरवायचो.

तिकडे शैलाचं लग्न जमलं होतं. मुलगा निडीचा, प्रमोद, धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाणारा. साखरपुड्याचा दिवसही धरला होता. मला रजा नव्हती. खेळ होईपर्यंत कुणालाच नव्हती. अशात आमच्या भावकीतल्या दामूकाकांनी पेपर वाचला. त्यांना फक्त मथळे वाचायची आणि तेही मोठ्याने वाचायची खोड. मथळा होता, 'यजमानांची पाटी कोरीच'. खाली आमच्या शहराचं नाव. आई ओटीवर तांदूळ निवडत होती.

जेवणाच्या सुट्टीत फोन आला.

"बाला, तुजं यजमान बुडालं?"

"कोण बुडालं?"

"दामूनं वाचलं. पाटी कोरी झाली म्हनं. जेवायला मिलतं ना तुला?"

"आई, यजमान म्हणजे हा देश गो. खेळ यांच्या घरी भरलेत म्हणून यजमान. खेळात हरले ते."

"खेलात बुडालं? जुगार?"

"जुगार नाय!"

"आनि तू त्यांचं कपडं धुतोस!"

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी ती निडीला जाऊन, पोराच्या कामाचा भरवसा नाही, साखरपुडा पुढे ढकला म्हणून सांगून आली. मग शैलाचा फोन. "दादा, तुजं ते रेडे एक तरी मेडल घेतील का नाय? त्यांच्यापायी माजा साखरपुडा अडलाय हितं!"

आता काय सांगू. ज्या संघाच्या नावाने आम्ही बोटं मोडायचो, त्याच्यासाठी मी देवाला हात जोडायला लागलो. यांनी एक सामना जिंकावा, मथळा बदलावा, दामूकाकांनी तो ओरडून वाचावा. कँटीनच्या टीव्हीवर व्हॉलीबॉल लागला होता. केरळची पोरं, नेपाळी पोरं मजेत टाळ्या वाजवत होती, मी एकटाच घामाघूम. हे पुढे होते. चांगले पुढे होते. आणि जिंकायची वेळ आली तशी सर्व्हिस जाळ्यात! पुन्हा जाळ्यात! मी ताट आपटून उठलो. सगळ्यांना वाटलं, याने पैज लावली होती.

शेवटी लाज सोडून मी प्रमोदलाच फोन लावला. तुमच्या घरच्यांनी लग्न मोडू नये, माझं काम शाबूत आहे, असं काहीबाही बोलत सुटलो.

"दादा," तो म्हणाला, "आमच्याकडून कोन अडवतंय? मी पेपर दाखवून तुमच्या आईला सगलं समजावलं. त्यांना कललंय. तरी म्हनतात, त्याचं काम सुटलं तर तो येल, तो आल्यावरच करू."

मग मात्र माझं डोकं फिरलं. आईला फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. कळत होतं तर अडवलंस कशाला? पोरीच्या लग्नाचा खेळ मांडलायस का?

ती म्हणाली, "व्हय, कललं मला. पन बुडालं असतं तर आला असतास ना रं?"

मी रजेचं सांगायला गेलो, तेवढ्यात तीच म्हणाली, "जाऊ दे. धरल्या दिवशी करते."

साखरपुडा तसा झाला. मी इथे संघाच्या सूटला इस्त्री करत होतो, समारोपात ते रुबाबात चालायचे होते म्हणून. घर चालावं म्हणून मी ही नोकरी जिवापाड जपतो. आणि त्याच घराच्या ओटीवर एक बाई ती नोकरी सुटायची वाट बघत बसते. या वैतागाला मी आता घर म्हणतो.