भोंगा गप्प राहिला तेव्हा

माझ्या बायकोला प्रयोगशाळेतली पोरं भोंगा म्हणतात. मीही म्हणतो, पण ती आसपास नसताना. "डावा हात पाठीमागे!" ही तिची आरोळी खालच्या मजल्यावर माझ्या टेबलापर्यंत येते. चालू सर्किटला एकाच हाताने भिडायचं, म्हणजे करंटला छातीतून वाट मिळत नाही. ही सवय तिच्या इतकी अंगात मुरलीय की घरी दूध ढवळतानाही तिचा डावा हात पाठीवर असतो.

लेक तिच्याच हाताखाली नोकरीला लागली तेव्हा मी पेढे वाटायच्या तयारीत होतो. बायको एवढंच म्हणाली, "हुशार आहे, पण फार घाई करते."

त्या दुपारी बायको घरी विसरलेला डबा द्यायला मी वर गेलो. लेक रेझोनंट कन्व्हर्टर, म्हणजे विजेचा दाब बदलणारं सर्किट, तपासत होती. बायकोने मला तो एकदा समजावला होता. यात करंट शून्याजवळ आला की स्विच चालू-बंद होतो, म्हणून फारसा तापत नाही. त्यासाठी स्विचचा वेग कॉइल आणि कपॅसिटरच्या लयीशी जुळवावा लागतो. पण लय तंतोतंत जुळली, तर चोवीस व्होल्ट देऊनही कपॅसिटरवर शेकडो चढतात. आणि चोवीसला कोण घाबरतं? लेक उजव्या हाताने वेगाचं बटण फिरवत होती. डावा हात कपॅसिटरपासून बोटभर अंतरावर निवांत टेकलेला. मीटरवरचा आकडा चढत होता आणि बाईसाहेब दुसऱ्याच पडद्यावरची लाट बघत होत्या.

मी हाक मारणार, तोच बायकोने माझं मनगट आवळलं. ओरडलो असतो तर पोरगी दचकली असती आणि हात तिथेच पडला असता. मला सोडून ती चवड्यांवर भिंतीवरच्या मुख्य खटक्याकडे निघाली. खोली ती केवढी, पण ती पोचेचना. तेवढ्यात लेकीने कागद सरकवायला डावा हात उचलला.

खटका पडला. दिवे विझले.

"हात लावू नकोस अजून," बायको हळूच म्हणाली. तिने आधी कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज काढून टाकली.

"आई, चोवीसच तर व्होल्ट होते!"

बायकोने मीटरवर नोंदलेला सगळ्यात मोठा आकडा दाखवला. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

आणि मग भोंगा वाजला. अख्खी इमारत दारात जमली. "तुला काही झालं असतं तर मी ओरडले कुणावर असते गं?" म्हणताना तिचा आवाज चिरकला.

घरी जाताना रस्ताभर तिने लेकीचा डावा हात धरून ठेवला होता. दाराशी आल्यावर मी म्हटलं, "अगं, सोड आता. तिला किल्ली काढायचीय."

तिने सोडला नाही. लेकीने उजव्या हातानेच पर्स उघडली, किल्ली शोधली आणि कुलूप काढलं.