काळी खोली आणि सरांची काच

सरांना काहीही सांगायला जा, ते आधी शर्टाच्या खिशातून एक गोल काळपट काच काढायचे, डोळ्याला लावायचे आणि ती सावकाश फिरवत तुमच्याकडं बघायचे. मग म्हणायचे, “जरा फिरवून बघूया की.” प्राचार्यांनी बोलावलंय म्हणून सांगा नाहीतर चहा आलाय म्हणून सांगा, उत्तर हेच. लग्नात अंतरपाट सरल्यावरही त्यांनी ही काच काढली होती, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगायच्या. तुमच्याही पाहण्यात असा एखादा नमुना असेल, पण आमच्याइतका पोचलेला नसेल.

मी त्यांच्या हाताखाली पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. काचेचा गुण असा, की तिच्यातून पाण्यावरची चकाकी तिरकी बघावी, काच फिरवावी, की एका जागी चकाकी गुल. उजेडाच्या लहरी थरथरतात त्याला दिशा असते, हे त्यातलं शास्त्र. मोबाईल नुकते लोकांच्या खिशात आले होते, त्या काळात सरांनी सरकारी अनुदानातून ही दिशा ओळखणारा एक कॅमेरा मिळवला. त्याला कुठला रंग किती दिसतो, हे एकेका रंगाचा उजेड दाखवून ठरवायचं होतं. मार्चअखेर काम झालं नाही तर कॅमेरा पुण्याला जाणार, आणि सर एप्रिलात निवृत्त. “आयुष्यात एवढं एकच यंत्र मागितलं मी,” ते एकदा म्हणाले. तेव्हा मात्र काच काढली नाही.

कामाला अंधारी खोली हवी. सरांनी शिवाजी पेठेतला ओळखीचा पेंटर धरून आणला. दिवाळीत म्हशींची शिंगं रंगवणारा, हात पक्का. त्यानं भिंती, छत, दार सगळं काळंभोर केलं आणि वर म्हणाला, “सर, ह्यात बघून भांग पाडा.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कोल्हापुरात काळं म्हणजे चमकायलाच पाहिजे, त्यात शंका कुणाला येणार?

मग हाल सुरू झाले. दिशा नसलेला साधा उजेड दिला की चारी दिशांचे आकडे सारखे यायला हवेत. इथं निळ्यात एक तऱ्हा, तांबड्यात भलतीच. सरांनी विजेला दोष दिला, दिव्याला दिला, शेवटी माझ्या पांढऱ्या शर्टाला दिला. झालं, सगळा विभाग काळ्या कपड्यांत. टपरीवर गेलो की चहावाला विचारायचा, “संक्रांत लांब हाय की अजून?” आकडे तसेच. सर जेवेनात. काकूंनी मला दारात गाठलं. “तो कॅमेरा जाऊ दे की पुण्याला, हे तरी राहतील,” म्हणाल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

दिवाळी पाडव्याला पेठेत म्हशी मिरवत होत्या. भादरलेल्या, तेल लावून तुकतुकीत केलेल्या. सर रस्त्याच्या मधोमध काच लावून उभे. फिरवली, पाठीवरची चकाकी गेली. आणखी फिरवली, आली. म्हैस अंगावर आली तरी हलेनात. मालक म्हणाला, “ओ पावणं, दृष्ट लावताय व्हय म्हशीला?”

सरांनी माझा दंड धरला. “आपली खोली म्हैस हाय. भिंती चकाकत्यात, त्या चकाकीनं साध्या उजेडाला दिशा येतीया, आणि आपण कॅमेऱ्याला शिव्या देतोय.”

चकाकी घालवायची म्हटल्यावर पेंटर दुखावला. “माझी अब्रू घालवताय सर.” पण सरांनी हात जोडले, तसा तो विरघळला. काजळी पातळ सरसात कालवून त्यानं खोली मरगळवून टाकली. आकडे जुळले. मार्चमध्ये तपासायला आलेले साहेब पांढऱ्या सफारीत भिंतीला टेकले, अर्धे काळे होऊन बाहेर आले आणि त्याच अवतारात सही केली. कॅमेरा कोल्हापुरात राहिला. निरोपाच्या दिवशी सरांनी काच माझ्या खिशात टाकली. “घरी आमची ही फिरवू देत न्हाय,” म्हणाले.

काही वर्षांनी सर गेले. शोकसभेत त्यांचा फोटो कडेला नव्या काचेच्या फ्रेममध्ये ठेवलेला, समोर ट्यूबलाइट. आम्ही बसलो होतो तिथून चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा लोळ. मला रडू आलं आणि फोटो ठेवणाऱ्याचा रागही आला. मी काच काढली, फिरवली. लोळ गेला आणि सर दिसले.

शेजारी पेंटर होता. “काय बघतोयस?” त्यानं विचारलं.

“जरा फिरवून बघ की.”

त्यानं बघितलं, डोळे पुसले आणि काच पुढच्याला दिली. प्राचार्य माईकवर बोलत होते, पण आमच्या रांगांत कुणाचं लक्ष नव्हतं. हातोहात काच काकूंपर्यंत गेली. त्यांनी ती डोळ्याला लावली, सावकाश फिरवली आणि मध्येच थांबल्या. मग बराच वेळ खाली घेतली नाही.