सुलियनच्या डब्यातले पाते

सुलियन ग्लोडला मातीत ठेवून लोक सभागृहात परतले. जेवणे झाली आणि सालिते सुरू झाले. गेलेल्या माणसाच्या वस्तू आणि शेजाऱ्यांनी आणलेले सामान बोली लावून विकायचे आणि त्यातून अंत्यविधीचा खर्च भागवायचा, ही मिगमॉ आदिवासींची रीत. गळक्या किटलीलाही तिथे नव्या किटलीहून जास्त बोली लागते. कोणी कुरकुरत नाही.

सुलियनची बायको थेक्ला पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या बहिणीने सुलियनचा हत्यारांचा पत्र्याचा डबा टेबलावर आणून ठेवला, तेव्हा थेक्ला खुर्चीच्या कडेला सरकली. डब्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेले दगडी भाल्याचे पाते होते.

"सुलियनच्या सुऱ्या," पुकारणारा म्हणाला. "त्याच्या जिभेइतक्या धारदार. सांभाळून घ्या."

सगळे हसले. थेक्लाही हसली. 'थांबा' एवढा एक शब्द पुरला असता, पण तो तिने गिळला. डबा टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्या अँब्रोजने घेतला आणि तिच्या पुढ्यातूनच काखेत मारून नेला.

गावाबाहेरच्या पाइनच्या रानात पूर्वजांचा तळ होता. बर्फ हटू लागला त्या काळात, हजारो वर्षांपूर्वी, हरणांच्या कळपांमागून आलेली माणसे तिथे राहिली होती. ती जमीन आता राखीव होती आणि तिथली दगडाची कपचीही उचलायला मनाई होती. नऊ वर्षे थेक्ला पाहुण्यांना तिथे फिरवत होती. प्रत्येक गटाला ती बजावायची, "दगड पडलाय तिथेच बोलतो. उचललात की मुका होतो."

आणि तिचाच नवरा त्याच रानात झाडांची विरळणी करायचा. तीन वर्षांपूर्वी, पानगळीच्या दिवसांत, त्याने ते पाते जेवणाच्या डब्यातून घरी आणले.

"उद्या ठेवून ये," ती म्हणाली होती.

"उद्या."

दोघांनी ते किती वेळा म्हटले, कोण जाणे. खरी गोष्ट अशी की पाते फार सुरेख होते. मधोमध अंगठा नेमका बसेल अशी खोबण होती. सुलियन कामावर गेला की थेक्ला ते तळहातावर घेऊन बसायची. तेव्हा ते परत पाठवावेसे तिला वाटायचे नाही.

सालितेनंतर सहा आठवड्यांनी अँब्रोज दारात आला. तिने चहा ठेवला, भाकरी कापली.

"तुझ्या नवऱ्याची सगळी हत्यारं झकास," तो बसत म्हणाला. "हे एकच बोथट निघालं."

त्याने फडके उलगडले. पात्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि टोक तुटून शेजारी पडले होते.

"इतकं जपून गुंडाळलेलं. म्हटलं, त्याच्या आजोबांचं असेल, टोपलीसाठी ॲशच्या लाकडाच्या पट्ट्या खरवडायचं. दोन दिवस सहाणेवर घासलं. पट्टीला लावलं आणि मोडलं." त्याने तिच्याकडे पाहिले. "मग मला झोप येईना. हे कुठलं आहे, थेक्ला?"

तिने सांगितले. तो चहा ढवळत राहिला. साखर तर त्याने घातलीच नव्हती.

"तू समोर बसली होतीस."

"हो."

"मला बोलली असतीस तर मी डबा घेतला असता आणि ते फडकं गुपचूप तुझ्या हातात दिलं असतं. कुणाला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"आता ते माझ्या हातून बिघडलं ना."

हे मात्र तिला सोसवेना. "तुझ्या हातून नाही," ती म्हणाली, आणि त्याच दुपारी फडके घेऊन तळाच्या कार्यालयात गेली.

तळाची देखरेख जर्मेनकडे होती. थेक्लाला मावशी म्हणणारी, तिच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि कागद पुढे ओढला.

"कुणाचं नाव घालू, मावशी?"

थेक्ला वाटेत हाच विचार करत आली होती. सुलियन आता बोलू शकत नव्हता, आणि गावात त्याच्याबद्दल कोणी वाईट बोलत नव्हते.

"त्याचं घाल. खाली माझं. त्याने आणलं, मी ठेवून घेतलं."

"मग पुढच्या गटांचं..."

"दुसरं कुणीतरी बघ."

जर्मेनने नाही म्हटले नाही. तिने फक्त विचारले, "सापडलं कुठे? जागा कळली तर अजून काहीतरी हाती लागेल."

दोघी रानात गेल्या. माश्या चावत होत्या. सुलियन इतकेच बोलला होता की चहा प्यायला टेकलो तिथे, उन्मळलेल्या झाडाच्या मुळाशी. अशी उन्मळलेली झाडे तिथे चार होती. चारही खड्ड्यांत तीच लाल माती, तेच शेवाळ.

"अंदाजाने सांग ना," जर्मेन म्हणाली. हातात खुणेची काठी होती. "निदान एक तरी."

तिसऱ्या झाडापाशी ऊन छान येत होते. सुलियनला ऊन आवडायचे. बोट उचलायचा अवकाश होता, पोरीने काठी रोवली असती, वर 'जागा मिळाली' असे लिहिलेही असते. थेक्लाचा हात खिशातच राहिला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तसंच लिही."