पान नव्हतं, रक्त व्हतं

"तुझ्याच तोंडातली घाण आहे ना? मग तुझ्याच पदराने पूस," साहेब म्हणला.

भिंतीवर लाल डाग उडाला व्हता. नवा चुना मारलेली पांढरी भिंत. बाहेरच्या देशातले पाहुणे कारखाना बघायला येणार म्हणून रंगवलेली. मला खोकल्याची उबळ आली, मोरीपर्यंत पोचले नाय, तोंडावरचा हात सुटला आन् भिंतीवर उडालं. साहेबानं लांबूनच बघितलं. जवळ यायची गरजच पडली नाय त्याला. बाई, लाल थुंकी, म्हणजे पान नायतर गुटखा. तुम्हा लोकांना भिंत दिसली की थुंकायची खाजच सुटते, असं म्हणला. सगळ्या लाइनीसमोर.

मी आयुष्यात पान खाल्लं नाय. मिश्री लावली नाय. बिडीला हात लावला नाय. हे सांगायला तोंड उघडलं तर परत उबळ आली. वाकून वाकून खोकले आन् पुसलं. साडीवर कंपनीचा शर्ट घालतो आम्ही, तो वर करून आतला पदर ओढला आन् भिंत पुसली. गडी हसत व्हते. शेजारच्या मशीनवरची रुखसानाआपा तेवढी हसली नाय. तिनं माझ्या पदराकडं बघितलं आन् हळूच म्हणली, "पान नई है ये. खून है."

मला ठाऊक व्हतं ते. पर ठाऊक असून करणार काय?

वाळूजच्या एमआयडीसीतली फाउंड्री. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततेत. पार्ट बाहेर निघाला की त्याला वाळू चिकटलेली राहती. ती ग्राइंडरनं घासून काढायची, हे आमचं काम. घासलं की धूळ उडती. बारीक, पिठापेक्षा बारीक. उन्हाच्या तिरिपेत दिसती, एरवी दिसत नाय. नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीवर. मास्क मागितला की ठेकेदार म्हणायचा रुमाल बांधा. आन् सुट्टी झाली की दारात ताट घेऊन माणूस उभा राहायचा. एकेकीच्या हातावर गुळाचा खडा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरती म्हणे. साहेब सांगायचा, ठेकेदार सांगायचा, आमच्या आधीच्या बाया बी सांगायच्या. आम्ही बी तेच सांगायचो. नवीन पोरगी आली की तिला म्हणायचो, बाई, गूळ चुकवू नको. लई वर्षं मी तो गूळ भक्तीनं खाल्ला. देवाचा प्रसाद बी इतक्या भक्तीनं खाल्ला नसंल.

खोकला दिवाळीला लागला. दिवाळीत सगळ्यांनाच लागतो, फटाक्याचा धूर. संक्रांत आली तरी गेला नाय, तवा म्हणले थंडी हाय. उजवा खांदा रात्रंदिवस ठणकायला लागला. ग्राइंडर धरून धरून दुखतोय म्हणले. आवाज बसला. नवरा म्हणायचा, कारखान्यात बोंबलून बोंबलून बसला असंल. बजाजनगरातली आमची एक खोली, तिच्यात तो बसून बिड्या ओढायचा आन् मला म्हणायचा, घसा सांभाळ. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेजारणी म्हणल्या, बरंय बाई तुझं, बारीक झालीस, आम्हाला बी सांग काय करतीस. मला बी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दर गोष्टीला एक उत्तर तयार व्हतं. उत्तरं इतकी तयार व्हती की दुखणं काय हाय हे कुणी विचारलंच नाय.

भिंत पुसल्यावर कंपनीच्या डॉक्टरकडं पाठवलं. माझ्या काळजीनं नाय, पाहुण्यांसमोर खोकू नये म्हणून. त्यानं छातीला नळी बी लावली नाय. लांबून विचारलं, राहतेस कुठं? मी सांगितलं. तो म्हणला, टीबी. झालं. थुंकी तपासली नाय, काय नाय. गोळ्या चालू.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर माझा ग्लास वेगळा ठेवला. प्लॅस्टिकचा, खिळ्याला दोरीनं बांधलेला. माझी आजी गावात पाणी प्यायची ते वरून ओतलेलं, ओंजळीत. ती कहाणी मी लहानपणी ऐकली व्हती आन् वाटलं व्हतं, संपलं ते. शहरात आले, कामाला लागले, पगार घेते, संपलं. काय संपलं नाय. त्या दिवसापासून मी घरून बाटली न्यायला लागले, त्या ग्लासाला हात लावला नाय.

गोळ्यांच्या रंगानं लघवी लाल व्हायची. थुंकीतलं लाल काय कमी झालं नाय. उलट धाप लागायला लागली. जिना चढताना मधीच बसायचे. शेवटी रुखसानाआपाच मला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिचा दिवसाचा खाडा पडला. ती स्वतः बी खोकत व्हती.

तिथं एक डॉक्टरीण व्हती. माझ्या पोरीच्या वयाची. तिनं पहिल्यांदा मला बसायला सांगितलं. मग विचारलं, काम काय करता? किती वर्षं? धूळ कशाची? घरात कोण बिडी ओढतं? लहानपणी चुलीवर सैपाक करायचात का? मला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांत मी काय काम करते हे कुणी डॉक्टरनं विचारलं नव्हतं. तिनं माझा हात हातात घेतला. बोटांची टोकं फुगून गोल झाली व्हती. मला वाटायचं कामानं झालीत. ती म्हणली, "मावशी, फुप्फुसाच्या दुखण्यात बोटं अशी होतात. हे बघून तरी कुणीतरी थांबायला पाहिजे होतं."

थुंकी तपासली. टीबी नव्हता. मग मोठ्या मशीनमधी घातलं, पाठीतून सुई घालून तुकडा काढला. उजव्या फुप्फुसात गाठ. कॅन्सर. मी म्हणले, मॅडम, मी तर कधी बिडी ओढली नाय. ती म्हणली, न ओढणाऱ्यालाही होतो. ती वाळूची धूळ, घरातला बिडीचा धूर, चुलीचा धूर, सगळं आत जमतं. तीन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की छातीचा फोटो काढायचा, आन् रक्त दिसलं तर त्याच दिवशी यायचं, वाट बघायची नाय. मग म्हणली, अजून पसरलेला नाय, काढता येईल, पर आता एक दिवस बी घालवू नका.

घरी आले. नवऱ्याच्या खिशातनं बिडीचं बंडल काढलं आन् त्याच्या तोंडावर फेकलं. मग कारखान्यात गेले. रुखसानाआपाला आणायला. तिचा बी फोटो काढायचा व्हता आन् ती काम जाईल या भीतीनं टाळत व्हती.

सुट्टीची वेळ. दारात गुळाचं ताट, बायांची रांग. आपा हात पुढं करून उभी आन् खोकतेय. मी तिचा हात धरला, म्हणले, चल. तेवढ्यात साहेब आला. टीबीवाल्या बाईला आत कुणी सोडलं म्हणून वॉचमनवर ओरडला. मी म्हणले, टीबी नाय, कॅन्सर हाय, तुमच्या धुळीनं झालाय. तो हसला. खरंच हसला. म्हणला, "बिड्या ओढता, गुटखा खाता, आणि मरताना कंपनीचं नाव घेता."

मग माझ्यात काय शिरलं ते मला ठाऊक नाय. ताटाला लाथ मारली. गूळ सगळीकडं उडाला. दाराजवळच्या ग्राइंडरखाली काळ्या धुळीचा ढीग व्हता, त्यातली मूठ भरली, दुसऱ्या हातानं साहेबाची कॉलर धरली आन् मूठ त्याच्या तोंडात कोंबली. नाकावर, दातांवर घासली. "खा," मी म्हणले. "आधी धूळ खा, मग वरून गूळ खा. बघू उतरती का."

तो ओकला. वॉचमननं माझ्या पाठीत काठी घातली. पडले. परत एक घातली. आपा मधी पडली, तिच्या हाताला लागली. पर रांगेतल्या बाया पुढं आल्या तवा वॉचमन मागं सरला. त्या दिवशी गूळ कुणी उचलला नाय.

ऑपरेशन झालं. उजव्या बाजूचा मोठा तुकडा काढला. आपाच्या छातीत गाठ नाय, पर धूळ घट्ट बसलीय, ती आता निघणार नाय असं डॉक्टरीण म्हणली. आमच्या दोघींचं काम गेलं. माझं औषध चालू हाय, केस गेलेत. आजार परत येईल का, डॉक्टरीण बी छातीठोक सांगत नाय.

साहेबानं पोलिसात तक्रार दिलीय, जिवे मारायचा प्रयत्न केला म्हणून. ठेकेदाराचा माणूस घरी येऊन गेला. म्हणला, सगळ्यांसमोर माफी माग, साहेब मोठ्या मनाचे हायेत, मिटवून टाकू. नवरा म्हणतो, माग, आपल्याकडं वकिलाला पैसा कुठंय.

मी माफी मागणार नाय. कोर्टात उभं केलं तर उभी राहीन आन् धूळ चारली म्हणून सांगीन. का चारली ते बी सांगीन. तोवर रोज सुट्टीच्या वेळेला मी कारखान्याच्या गेटसमोर उभी राहते. चार पावलं चालले की दम लागतो, तरी राहते. बाया बाहेर येतेत, त्यांना विचारते, खोकला कधीपासनं हाय? रक्त पडतं का? कुणी पडतं म्हणली की तिचं मनगट धरते आन् तिथूनच रिक्षात घालून दवाखान्यात नेते. काल एकीला नेलं. ती म्हणत व्हती, साहेब काय म्हणतील. मी म्हणले, त्याला माझ्याकडं पाठव.