माझं म्हणणं नाही

बाजारपेठेच्या व्यापारी संघात ती एकोणीस वर्षं लेखनिक होती, आणि तिचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलं नव्हतं. सगळे तिला सर्वानुमतेबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे अख्खं. त्याला कारणही तसंच होतं. कार्यकारिणीची सभा भरायची, पंधरा जण लांब टेबलाभोवती बसायचे, अध्यक्ष ठराव वाचायचे, आणि कोणी घसा खाकरायच्या आत बाईंनी वहीत लिहून टाकलेलं असायचं, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. का नाही लिहायचं? अध्यक्ष म्हणजे शेठ. शहरात तीन मोठी कापडदुकानं त्यांची, अर्ध्या बाजाराचे गाळे त्यांचे. त्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणायची कोणाची छाती होती? एकोणीस वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. मग तीन शब्द आधी लिहून ठेवले तर कोणाचं काय घोडं मारलं, असं बाईंना वाटायचं.

मारलं ते या वेळी मारलं.

बाजाराच्या मागे दुरुस्तीची गल्ली आहे. बारा टपऱ्या. कुलपं, छत्र्या, शिलाई यंत्रं, घड्याळं, स्टोव्ह, जे जे म्हणून लोक फेकून द्यायच्या बेतात असतात ते तिथे नीट होतं. शेठना तिथे चार मजली वाहनतळ हवा होता. गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारात जातं, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं, उगाच कशाला त्यांना नावं ठेवा. वॉर्डाच्या नगरसेवकांनी, ज्यांना लहानथोर दादा म्हणतात, पालिकेतलं काम अंगावर घेतलं होतं. गल्लीची जमीन संघाच्या ताब्यात. नियम असा, की संघाचा ठराव सर्वानुमते असला तर पालिका सरळ पाडकामाची तारीख देते. एकाचाही विरोध वहीत नोंदलेला असला तर आधी सुनावणी. बाराही जणांना बोलवायचं, त्यांना दुसरी जागा कुठे ते ठरवायचं, मगच कुदळ.

गल्लीतून कार्यकारिणीवर एकच माणूस होता, किल्लीवाले काका. ते कमी बोलतात म्हणूनच त्यांना घेतलं होतं, हे त्यांनाही माहीत होतं. मागच्या महिन्यात ठराव आला तेव्हा काका उठले, टेबलाची कड धरली आणि म्हणाले, “माझं म्हणणं... नाही.” आणि बसले.

“काकांचं म्हणणं नाही,” शेठ म्हणाले. “चला, पुढचा विषय.”

बाईंनी ‘सर्वानुमते’ लिहून ठेवलेलंच होतं. खाली उरलेल्या जागेत त्यांनी काकांचं वाक्य दाटीवाटीने बसवलं. ‘किल्लीवाले सदस्य म्हणाले, माझं म्हणणं नाही.’

आज चार वाजता पुढची सभा होती. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, ते कायम करायचं, बाईंनी आणि शेठनी सही करायची, आणि नक्कल दादांच्या हातात द्यायची. पाडकामाची गाडी, ऐकिवात होतं, त्याच आठवड्यात येणार होती.

बारा वाजता काका कार्यालयात आले. उभेच राहिले.

“बाई, माझं काय लिहिलंय ते जरा वाचा.”

बाईंनी वाचलं.

“हे मी म्हटलं नाही.”

“काका, शब्द तर हेच होते तुमचे.”

“शब्द हेच. पण मी मध्ये थांबलो होतो.” त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा दाबून धरला. कानशीने झिजलेला, नख नसल्यासारखा अंगठा. “म्हणणं काय, तर नाही. असं म्हटलं मी. घरून पाठ करून आलो होतो. तेवढंच यायचं होतं तोंडातून.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“शेठ पुढे गेले. आणि तुमचं लिहून झालेलं दिसलं.”

 बाईंना तो थांबलेला क्षण लख्ख आठवत होता. काकांनी आवंढा गिळला होता. बाईंनी तो ऐकला होता, आणि तरी पेन पुढे सरकवलं होतं, कारण वरती ‘सर्वानुमते’ होतं आणि वहीत खाडाखोड त्यांना खपत नसे. एकोणीस वर्षांची स्वच्छ वही, तिचा केवढा तोरा. बारा घरांच्या पोटावर पाय आला तो त्या तोऱ्यापायी.

“बघते,” त्या म्हणाल्या. काका गेले.

बाईंचं घर कार्यालयाच्या डोक्यावरच होतं. संघाच्याच दोन खोल्या, नोकरी आहे तोवर. नवरा निवृत्त, गुडघ्यांनी जेरीस आलेला, पण जीभ शाबूत. जेवताना बाईंनी सगळं सांगितलं.

“अगं, तू लिहिणारी,” तो म्हणाला. “नाटकातल्या मारामारीत पडदा ओढणारा कशाला मध्ये पडतो?”

“मी ऐकलं होतं हो. ते थांबले होते.”

“थांबले म्हणजे किती थांबले?”

“तुम्हाला थट्टा सुचतेय.”

 मग तो घास तसाच हातात ठेवून भिंतींकडे बघत राहिला. “खोल्या संघाच्या आहेत,” म्हणाला, “एवढं फक्त ध्यानात असू दे. बाकी तुझं तू बघ.”

बाईंना त्याचा राग आला, आणि तो खरं बोलला म्हणून जास्तच आला.

चार वाजता पंधराही जण हजर. दादा खास निमंत्रित, शेठच्या उजव्या हाताला. चहाचे कप फिरले. बाई वही घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वही टेबलावर टेकवली. पहिले तीन विषय त्यांनी भरभर वाचले. चौथा गल्लीचा, तो मात्र सावकाश.

“किल्लीवाले सदस्य म्हणाले, माझं म्हणणं,” बाई थांबल्या. चांगल्या थांबल्या. कोणीतरी कप बशीत ठेवला तो आवाज सगळ्यांनी ऐकला. “नाही.”

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. “नीट वाचा, बाई.”

“नीटच वाचलं. ते असंच म्हणाले होते. लिहिताना माझी चूक झाली. वर ‘सर्वानुमते’ आहे, ते मी त्यांनी तोंड उघडायच्या आधीच लिहिलं होतं.”

हे सभेत उघड बोलायचं म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा. दोघेतिघे खुर्चीत सावरून बसले. शेठ काही बोलणार, तेवढ्यात दादांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दादा मुरलेले. आवाज कधी चढत नाही त्यांचा.

“वादच नको,” ते हसून म्हणाले. “माणूस समोर बसलाय. त्यालाच विचारू. काय काका, तुमचं काही म्हणणं नाही ना?”

आता बघा काय सापळा आहे. काका ‘हो’ म्हणाले, तर हो, म्हणणं नाही. ‘नाही’ म्हणाले, तरी म्हणणं नाहीच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधला माणूस कमी बोलणारा. काका उठले. ओठ हलले. बाईंना त्यांच्या घशाखाली तो एकच शब्द येताना दिसला, घरून पाठ करून आणलेला, आणि तो बाहेर पडला की बारा टपऱ्या गेल्या, हेही दिसलं.

“काका,” बाई मध्येच म्हणाल्या, “गल्ली पाडायची का?”

“नाही,” काका म्हणाले. “पाडायची नाही.”

बाई खाली बसल्या. ‘सर्वानुमते’वर त्यांनी एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, आणि लिहिलं, ‘एका सदस्याचा विरोध. गल्ली पाडायची नाही, असे त्यांचे म्हणणे.’ पेन कागदात रुतलं.

“हे लिहायचं नाही,” शेठ म्हणाले.

“लिहून झालं.”

“पान काढा ते.”

“पानांवर छापील आकडे आहेत, शेठ. तुम्हीच छापून घेतलेत, कोणी फाडू नये म्हणून.”

दादांचं हसू गेलं. “लेखनिकाला सभेत प्रश्न विचारायचा अधिकार कोणी दिला?”

“कोणीच नाही,” बाई म्हणाल्या.

“मग आयता विषय मिळाला,” शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण शब्द एकेक तोलून येत होता. “लेखनिकेने सभेच्या कामात ढवळाढवळ केली. सबब महिनाअखेर तिला सेवेतून कमी करावं, आणि खोल्या रिकाम्या करून घ्याव्यात. लिहा, बाई. अनुकूल कोण?”

लिहा म्हणजे कोणी लिहायचं? दुसरं होतं कोण? बाईंनी पान उलटलं आणि ठराव लिहायला घेतला. डोळ्यांत पाणी येत होतं, ते त्यांनी येऊ दिलं. हात वर होऊ लागले. छत्र्यांचे मोठे व्यापारी, भांड्यांचे, औषधांचे, ज्यांची पत्रं बाईंनी वर्षानुवर्षं सुधारून दिली होती, ज्यांच्या पोरांचे अर्ज भरून दिले होते, ते सगळे. काहींनी हात वर केला आणि नजर खाली. चौदा.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी ठरावाखालची जागा कोरी ठेवली आणि पेन उचलून वाट पाहिली.

“प्रतिकूल?” शेठनी विचारलं, नियम म्हणून.

काका उठले. या वेळी टेबल धरलं नाही. ‘म्हणणं’ हा शब्दच त्यांनी बाजूला ठेवला होता.

“माझा विरोध आहे,” ते म्हणाले. आणि कोणी ऐकलं नसेल तर म्हणून परत, सावकाश, “विरोध.”

बाईंनी लिहिलं, ‘ठराव बहुमताने मंजूर. अनुकूल चौदा, प्रतिकूल एक.’ वाळू दिलं. सही केली. मागच्या सभेच्या इतिवृत्ताखाली शेठनाही सही करावीच लागली, सहीशिवाय पालिका नक्कल घेत नसे. नकलेत ‘सर्वानुमते’ कुठेच नव्हतं, म्हणजे गल्ली सुनावणीला गेली. दादा नक्कल न घेताच निघून गेले.

बाई वर आल्या तेव्हा नवरा दारातच खुर्ची टाकून बसला होता. खालचा आवाज जिन्यातून वर येत असे, पण शब्द कळत नसत.

“काय झालं?”

“मला काढलं. खोल्यांसकट.”

त्याने खुर्ची सरकवून त्यांना आत यायला वाट दिली. मग सवयीने, थट्टेच्याच सुरात, पण आवाज भलतीकडेच गेला त्याचा, “सर्वानुमते?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या, आणि आता कुठे मोकळेपणी रडू लागल्या. “एक जण माझ्या बाजूने उठला.”