ताईंच्या तळहातावर

"आज कोण हसलं, कोण भांडलं? लिही." असं म्हणत ताई तळहात पुढे करायच्या.

नायगावच्या बीडीडी चाळीत मी त्यांच्याकडे राहून मदत करायचे. मी वाशीमकडची, सातवीत शाळा सुटलेली. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. काम गेलं तर जायचं कुठं, ही धास्ती कायम. ताईंचे कान कॉलेजात असताना गेले, डोळे पुढे हळूहळू. बोलायच्या मात्र खणखणीत. आपण त्यांच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायची, त्या ती मोठ्यानं वाचणार, असं आमचं बोलणं. माझं लिहिणं कच्चं. त्या म्हणायच्या, "वेलांट्या राहू दे गं, बातमी सांग."

अशानं बातमी गुपित कसली राहतेय! एकदा मी लिहिलं, समोरच्या मावशींचं सुनेशी वाजलंय. ताईंनी गॅलरीभर ऐकू जाईल असं वाचलं. मावशी दारातून ओरडल्या, "ए पोरी, पेपरच काढ आता!" तेही मी लिहिलं. ताई पोट धरून हसल्या.

त्यांचे थोरले भाऊ, दादा, जिवापाड जपायचे. पण बहिणीनं काही विचारलं की तिच्या हातावर दोनच शब्द लिहायचे, 'काही नाही'. ताई चिडायच्या, "जगात काहीच घडत नाही का रे दादा?"

ताईंच्या पोटदुखीचे रिपोर्ट आले तेव्हा दादांनी मला जिन्यात गाठलं. "गाठ पसरलीय. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. तिला कळता कामा नये. लिहिलंस तर सरळ गावची गाडी धर."

घरात आले तर ताईंचा हात पुढे. मी नुसतं बोट टेकवलं.

"बोट हलत नाहीये. वाईट आहे ना? लिही. दुखणं माझं आहे."

मी लिहिलं. त्या वाचत गेल्या, "गाठ... पसरली... आहे." मोरीपाशी दादा हात धूत होते. नळ तसाच वाहत राहिला. मला वाटलं, आता बोचकं बांधायचं.

ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. सगळ्यांना बोलव. अंगात जीव आहे तोवर भेटून घेते."

रविवारी चाळ लोटली. एकेकानं हातात हात देऊन जयभीम केला. मावशींचा हात ताईंनी लगेच ओळखला. "सुनेला जरा सांभाळून घ्या हो." मावशी हसता हसता रडल्या.

शेवटी ताई म्हणाल्या, "दादा राहिला. कुठंय?"

मी लिहिलं, दारात. रडताहेत.

दादा आले, खाली बसले. बहिणीचा हात मांडीवर घेऊन कितीतरी वेळ लिहीत राहिले. ताईंनी त्यातलं अक्षरही मोठ्यानं वाचलं नाही.

ताई गेल्या. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली. दादांनीच मला लालबागला ताईंसारखंच दिसत-ऐकू न येणाऱ्या एका मुलीकडे काम लावून दिलं, त्यांचे उपकार कसे विसरू? ती मुलगी अजून मला हात लावू देत नाही. मी शेजारी बसून असते.

काल बसमध्ये दोन बायका खिडकीच्या जागेवरून कडाकडा भांडल्या. सगळी बस हसत होती. मी खाली पाहिलं, तर माझं बोट माझ्याच गुडघ्यावर लिहीत होतं.